जुन्या वर्तमानपत्रांत 'आगबोट' शोधायची कशी?

हर्णे_बंदर:
१८८० ते १९४७ या काळातल्या मराठी वर्तमानपत्रांच्या स्कॅन प्रतींत कोकण किनाऱ्यावरच्या बोटवाहतुकीच्या बातम्या शोधतोय. 'बोट' टाकलं की हातापायांच्या बोटांचा ढीग येतो, 'आगबोट' टाकलं तर अगदीच थोडं हाती लागतं. तेव्हा वेगळा शब्द होता का?

खाडीपलीकडे:
शब्द तोच, शोधायची रीत बदला. हाताचं बोट नपुंसकलिंगी, पाण्यातली बोट स्त्रीलिंगी. मूळ रूपात दोन्ही सारखी दिसतात, प्रत्यय लागला की वेगळी होतात: बोटाने–बोटीने, बोटास–बोटीस, बोटे–बोटी. त्यामुळे नुसतं 'बोट' न टाकता 'बोटीनें', 'बोटीस', 'बोटींत' टाका.

त्यावरचे अनुस्वार मुद्दाम दिलेत. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधी 'बोटीनें', 'बंदरांत', 'नाहीं' असंच छापत, कोकणचंही 'कोंकण'. धूसर छपाईत तो ठिपका गळतोही, तेव्हा दोन्ही रूपं शोधा. 'आगबोट' कमी सापडण्याचं आणखी एक कारण म्हणजे अरुंद रकाने. ओळ संपली की 'आग-' वर राहतो आणि 'बोट' खाली जातो, मग यंत्राला ते दोन शब्द वाटतात.

'लागणे'ही जपून वाचा. आगबोट बंदरास लागली म्हणजे पोचली, पण माणसाला बोट लागली म्हणजे त्याला उलट्या झाल्या!

पडाववाला:
वरच्यात भर. गलबत आणि फत्तेमारी शिडाची, मचवा त्याहून लहान, आगबोट वाफेची. 'जहाज' मोघम, त्यावरून काहीच ठरवू नका.

कोकणातल्या बऱ्याच बंदरांत आगबोट धक्क्याला येत नसे. ती बाहेर खोल पाण्यात उभी राही आणि माणसं, सामान पडाव नावाच्या होड्यांतून ने-आण होई. तेव्हा चढ-उताराच्या वेळचा अपघात असेल तर बातमीत 'पडाव उलटला' एवढंच असू शकतं. 'पडाव' आणि 'उतारू' हे दोन शब्द जरूर घाला; प्रवाशाला तेव्हा सर्रास उतारू म्हणत. बोटीचं नाव माहीत असेल तर थेट नावानेच शोधा. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला जाताना बुडालेली 'रामदास' घ्या, तिथे 'आगबोट' धरून बसलात तर बरंच निसटेल.

शके_सन:
तारखांकडेही बघा. अंकावर नुसता शक असेल तर इसवी सन काढायला ७८ मिळवतात, पण जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत ७९ मिळवावे लागतात. 'केसरी'चा पहिला अंक ४ जानेवारी १८८१ चा, तेव्हा शके १८०२ चालू होतं. ७८ मिळवलेत तर वर्षभर मागे जाल.

पावसाळ्यात बहुतेक बोटी बंद असत. फेऱ्या थांबल्याच्या, सुरू झाल्याच्या खबरा हव्या असतील तर वैशाख-ज्येष्ठ आणि भाद्रपद-आश्विनाचे अंक आधी काढा. तिथे शोधयंत्रावर विसंबू नका, 'जाहीर खबर' मथळ्याखालचे रकाने डोळ्यांनीच वाचा. जाहिरातींचा टंक बारीक, यंत्र तिथे हमखास अडखळतं.

हर्णे_बंदर:
'बोटीनें' टाकल्यावर बोटांचा त्रास संपला. 'स्टीमर'ही टाकून बघू का?

खाडीपलीकडे:
टाका, आणि ऱ्हस्व 'स्टिमर'सुद्धा. परक्या शब्दांचं ऱ्हस्व-दीर्घ एकसारखं राहील अशी खात्री नाही.