पंचनाम्यात क्षेत्र कमी लागलंय, सातबारा अजून आजोबांच्या नावावर, अतिवृष्टीचं अनुदान कसं मिळवायचं?

सीनाकाठ:

नमस्कार मंडळी, जरा लांबडं लिहितोय पण पूर्ण वाचा आणि कुणाला नक्की माहिती असेल तर सांगा. सोलापूर जिल्ह्यात सीनेच्या काठाला आमचं साडेचार एकर रान आहे. सप्टेंबर २०२५ ला जो पूर आला त्यात तीन एकर सोयाबीन गेलं, काढणीला आलेलं होतं, पाणी उतरल्यावर बघितलं तर शेंगांतच कोंब फुटलेले आणि सगळ्या रानाला कुजका वास. उरलेलं दीड एकर नदीला लागून आहे तिथं तर मातीच राहिली नाही, वरचा काळा थर पूर्ण वाहून गेला आणि खाली मुरूम उघडा पडलाय, पुरलेली पाइपलाइन आता अधांतरी लोंबतीय, बांध नेमका कुठं होता हे वडलांना पण सांगता येईना. विहीर गाळानं भरली, नुसता कठडा दिसतो.

पंचनाम्याला माणसं आली होती पण वाटेला गुडघाभर चिखल, त्यामुळं वरच्या अंगाला उभं राहूनच लिहून घेतलं. आता यादी लागलीय त्यात ०.४० हेक्टर, म्हणजे एकच एकर, आणि ते पण फक्त पीक नुकसान. खरडलेली जमीन नाही, विहीर नाही.

त्यात दुसरी अडचण अशी की यादीत नाव आजोबांचं आहे. ते वारून बरीच वर्षं झाली पण सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव. वारस म्हणजे माझे वडील, एक चुलते आणि दोन आत्या. चुलते म्हणतात वारसनोंद लावली की आत्यांची नावं चढणार, तेव्हा आधी त्यांच्याकडून हक्कसोड करून घेऊ मग पुढचं बघू. वडलांना ते पटत नाहीये पण रब्बीला बी-खताला पैसा नाही म्हणून ते गप्प आहेत.

तर क्षेत्र दुरुस्त होतं का, कुणाकडं जायचं, आणि ह्या पैशासाठी हक्कसोड खरंच लागतं का? आणि एक, आमच्या बाजूचं रान एक काका बटईनं करतात, मालक पुण्याला असतात, काकांची एक म्हैस आणि गोठा पण गेला, त्यांना काही मिळेल का?

सेवाकेंद्रवाला:

दादा, मी सेवा केंद्र चालवतो, पुरानंतर रोज हेच काम चालू आहे त्यामुळं जेवढं माहिती आहे तेवढं सांगतो.

पहिलं क्षेत्राचं बघा, कारण ते एकदा चुकलं की पुढं सगळीकडं चुकतं. कोरडवाहूला आपत्ती निधीचा दर हेक्टरी ८,५०० रुपये आहे, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकाला २२,५००. नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असलं तरच मिळतं. ७ ऑक्टोबर २०२५ ला सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं त्यात मर्यादा दोन हेक्टरवरून तीन हेक्टर केली आणि रब्बीच्या बियाण्याला हेक्टरी १०,००० वेगळे दिले. हे १०,००० पण पंचनाम्यातल्या क्षेत्रावरच निघतात. म्हणजे तुमचं तीन एकर, १.२० हेक्टर बरोबर लागलं असतं तर १०,२०० आणि १२,००० मिळून २२,२०० होतात, आणि ०.४० वर फक्त ७,४००. माणसं म्हणतात जाऊदे, कोण भांडत बसणार, मला हे ऐकलं की फार वाईट वाटतं कारण पुढच्या पेरणीचा अर्धा खर्च ह्यात निघतो.

करायचं काय, तर यादीत नावापुढं एक विशिष्ट क्रमांक असतो तो घेऊन सेवा केंद्रात जा. तिथं पोर्टलवर तुमचं गाव, गट नंबर, बाधित क्षेत्र, रक्कम सगळं दिसतं. ते बरोबर नसेल तर अंगठा देऊ नका. माहिती मान्य नाही म्हणून तिथूनच तक्रार टाकता येते, ती तहसीलला जाते. कितीतरी जण घाईघाईत अंगठा लावतात आणि नंतर माझ्याकडं येऊन म्हणतात क्षेत्र कमी आहे, मग मला काही करता येत नाही.

त्याच्या जोडीला तहसीलदारांच्या नावानं साधा अर्ज लिहा, गट नंबर, सोयाबीन किती, जमीन खरडली किती, विहीर, सगळं वेगवेगळं लिहून फेरपंचनामा मागा. ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाईलवरून केलेल्या पिकाच्या नोंदीत, सोयाबीन तीन एकर लावलेलं असेल तर त्याची प्रत जोडा, ह्याच्याएवढा पक्का पुरावा नाही. आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि त्या लोकांकडं पण एकेकाकडं तीन-चार गावं असतात हे पण खरं आहे.

मूळ पंचनाम्यात काय लिहिलंय ते बघायचं असेल तर माहिती अधिकारात मागा, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावायचं, ३० दिवसांत द्यावं लागतं.

आता मयत खातेदाराचं. आजोबांच्या नावानं ई-केवायसी, म्हणजे आधारवर अंगठा देऊन ओळख पटवणं, होऊच शकत नाही. वारसनोंद हाच रस्ता, तलाठ्याकडं किंवा घरबसल्या ई-हक्क ह्या सरकारी पोर्टलवर अर्ज करता येतो, मृत्यूचा दाखला, वारसांची नावं, प्रतिज्ञापत्र एवढं लागतं. एप्रिल २०२५ पासून सरकारनं जिवंत सातबारा म्हणून मोहीमच लावली होती ती ह्याच्यासाठीच होती. फेरफार मंजूर झाला की वारसांची नावं घेऊन यादी दुरुस्त करायला अर्ज द्यायचा. आणि त्याच वेळी सगळ्यांचे शेतकरी ओळख क्रमांक काढून ठेवा, ज्यांचा तो क्रमांक आहे त्यांना वेगळी ई-केवायसी लागत नाही. बँक खातं आधारला जोडलेलं आहे का ते पण बँकेत विचारून घ्या, पासबुकावर आधार लिहिलेलं असलं म्हणजे पैसे त्याच खात्यावर येतात असं नाही.

माहेरवाशीण_लातूर:

दादा तुमच्या चुलत्यांचं वाचून लिहायला बसले. अनुदानासाठी हक्कसोड लागत नाही. लागत नाही, लागत नाही. सामाईक खातं असलं की लागतं ते संमतीपत्र, म्हणजे बाकीच्या खातेदारांनी लिहून द्यायचं की ह्या नुकसानीचे पैसे अमुक एकाच्या खात्यावर जमा करायला आमची हरकत नाही. बस. त्यानं जमिनीवरचा हक्क जात नाही. हक्कसोडपत्र म्हणजे दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात जाऊन नोंदवलेला दस्त, त्यानं बाईचं नाव कायमचं निघतं.

आमच्याकडं गेल्या पुरात हेच झालं. भाऊबीजेला बोलावलं, अनुदान अडकलंय, सही लागते म्हणाले. माझ्या मोठ्या बहिणीनं न वाचता सही केली असती पण तिच्या सुनेनं कागद हातात घेऊन मोठ्यानं वाचला म्हणून कळलं की तो हक्कसोडाचा मसुदा आहे. भाऊ वाईट नाही हो आमचा, त्याला पण कुणीतरी हेच सांगितलेलं की हे केल्याशिवाय पैसे येत नाहीत. पण त्या दिवशी घरात जे बोलणं झालं ते अजून निवळलं नाही.

मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाच्या बरोबरीनं हक्क २००५ च्या कायद्यानं दिलाय, २०२० ला सुप्रीम कोर्टानं पण सांगितलं की वडील २००५ च्या आधी वारले असले तरी मुलीचा हक्क जन्मानंच आहे. वारसनोंदीत आत्यांची नावं येणार म्हणजे येणार, ती लपवून नोंद लावली तर उद्या तक्रार होऊन सगळाच फेरफार अडकतो, मग अनुदान तर सोडाच, पीक कर्ज पण मिळायचं नाही.

तुम्ही सरळ आत्यांना फोन करा. काय नुकसान झालंय ते सांगा, फोटो पाठवा, संमतीपत्राचा मजकूर वाचून दाखवा. जिचं माहेर पाण्यात गेलंय ती बाई सात-आठ हजारासाठी अडवून धरत नाही. आणि पैसे आल्यावर किती आले ते पण त्यांना कळवा.

सीनाकाठ:

ताई खूप आभारी आहे, हे वडलांना आत्ताच वाचून दाखवलं. थोरल्या आत्याशी रात्री बोलतो म्हणाले. संमतीपत्र साध्या कागदावर चालतं का स्टॅम्प लागतो?

सेवाकेंद्रवाला:

आमच्या तालुक्यात काही गावांत साध्या कागदावर आधारच्या प्रती जोडून घेतात, काही ठिकाणी स्टॅम्पवर मागतात. तलाठ्यालाच नमुना मागा म्हणजे परत करायला लागणार नाही. वारसनोंद होईपर्यंत थांबू नका, क्षेत्र दुरुस्तीचा अर्ज आजच द्या, दोन्ही कामं वेगळी आहेत.

मुरूमाड:

खरडलेल्या जमिनीबद्दल कुणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझं पण नदीकाठचं रान आहे आणि मला विचाराल तर पिकापेक्षा हे नुकसान दहा पटीनं मोठं आहे. पीक पुढच्या वर्षी येईल, माती कुठनं आणायची?

गाळ साचला आणि जमीन खरडली ह्या दोन गोष्टी पंचनाम्यात वेगळ्या आहेत आणि दर पण वेगळे आहेत. शेतात तीन इंचांपेक्षा जास्त गाळ साचला तर तो काढायला हेक्टरी १८,०००. जमीन वाहून गेली, खरडली तर हेक्टरी ४७,०००. हे दोन्ही अल्प आणि अत्यल्पभूधारकांना, म्हणजे पाच एकरांच्या आतल्यांना, तुम्ही साडेचार एकरवाले म्हणजे बसता. तुमच्या दीड एकराचे, ०.६० हेक्टरचे २८,२०० होतात. म्हणजे यादीत जे सुटलंय ते लागलंय त्याच्यापेक्षा मोठं आहे, अर्जात सगळ्यात वर हेच लिहा. बुजलेल्या विहिरीला पॅकेजमध्ये ३०,००० धरलेत, तिचा गट नंबर आणि सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आहे का बघा, नसेल तर आधी ते मांडा.

ह्याशिवाय जमीन परत करायला रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंत काम धरलंय पण ते हातात मिळणारे पैसे नाहीत, काम मंजूर होऊन हजेरीपट निघून होतं, त्याला जॉबकार्ड लागतं आणि ग्रामपंचायतीत मागणी द्यावी लागते. एक कळकळीनं सांगतो, ह्यातलं काही मंजूर व्हायच्या आधी उसनवारी करून जेसीबी लावून रान सपाट करू नका. एकदा सपाट केलं की खरडलं होतं हे दाखवणार कसं? निदान तारीख-ठिकाण उमटणारे फोटो काढा, उघडा मुरूम, लोंबती पाइप, विहिरीचा कठडा, आणि ओळखीचं काहीतरी मागं येऊद्या, झाड, खांब, पूल, म्हणजे कुठलं रान आहे ते कळतं. मोजपट्टी लावून किती खोल गेलंय त्याचा एक फोटो जरूर घ्या.

आणि माती भरायची झाली तर तलावातला गाळ उचला, नदीतली वाळूमिश्रित माती नको, दोन पावसात परत वाहून जाते.

सीनाकाठ:

मुरूमाडभाऊ बरं झालं सांगितलंत, चुलते जेसीबीवाल्याला ह्या आठवड्यात बोलावणारच होते, थांबवतो. बटईवाल्या काकांचं पण कुणी सांगा, ते रोज विचारतात.

बांधावरून:

बटईवाल्यांचं दुखणं खरं आहे. पीक नुकसानीचे पैसे सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याच्या खात्यावर जातात. बी त्याचं, खत त्याचं, घाम त्याचा, पण बटईचा कागद नाही त्यामुळं सरकार दरबारी तो माणूसच नाही. ह्याच्यावर माझ्याकडं कायद्याचा उपाय नाही, मालकाशी बोलणं हाच एक मार्ग आहे आणि ते काकांना एकट्याला बोलायला जड जाणार, तुम्ही किंवा गावातल्या कुणी जाणत्या माणसानं पुण्याला फोन करून सांगावं की खर्च निम्मा-निम्मा होता तर अनुदान पण तसंच वाटा. आमच्या गावात दोन मालकांनी पूर्ण रक्कम बटईवाल्याला दिली, कुणी विचारलं म्हणून दिली.

पण म्हैस आणि गोठा ह्याला सातबाऱ्याचा संबंध नाही, ते काकांच्याच नावानं मिळतं. दुभत्या म्हशीला ३७,५००, घराला जोडून असलेल्या गोठ्याला ३,०००. घरात पाणी शिरून दोन दिवसांच्या वर राहिलं असेल तर कपड्यांना २,५०० आणि भांड्यांना २,५०० असं कुटुंबाला वेगळं आहे, ते बरेच जण मागतच नाहीत. म्हैस वाहून गेली का जागेवर मेली? वाहून गेली असेल तर तिच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर शोधा, लसीकरण झालं असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात नोंद असते, तिथं काकांचं नाव आणि मोबाईल पण निघेल. दूध डेअरीला जात असेल तर डेअरीचं पुस्तक जोडा. सरपंच, पोलीस पाटील, शेजारी असे पंच लावून पंचनामा करून मागा.

तालुक्याचा लोकशाही दिन, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात तो दिवस, महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी असतो, काकांचा अर्ज आणि तुमचा अर्ज दोन्ही घेऊन बरोबरच जा. काकांना लिहिता येत नसेल तर मला इथंच मेसेज करा, मसुदा करून देतो, फक्त म्हशीची आणि गोठ्याची माहिती नीट विचारून घ्या, किती वेताची होती, गोठा पत्र्याचा का कुडाचा, पाणी कुठल्या दिवशी शिरलं.