सीपी २००० आली की "भरून मोकळा हो" हा सल्ला देणं थांबवूया

ऑस्टिनकर:
परवा आमच्या मराठी ग्रुपवर एकाने आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याच्या, सीपी २००० नोटिशीचा फोटो टाकला. धडाधड उत्तरं आली, आणि बहुतेकांचा सूर एकच: "सरकारशी कोण वाद घालणार? भरून मोकळा हो." सल्ला काळजीपोटीच दिला होता, पण चुकीचा होता.

सीपी २००० हे बिल नाही. कंपनीने, बँकेने, ब्रोकरने कळवलेले आकडे तुमच्या रिटर्नशी जुळत नाहीत, म्हणून आम्ही अमुक बदल सुचवतोय, मान्य आहे का, असं विचारणारं ते पत्र आहे. उत्तर द्यायला सहसा ३० दिवस मिळतात, पत्ता अमेरिकेबाहेरचा असेल तर ६०.

आपल्या आयटीवाल्यांना ही नोटीस हमखास येते ती आरएसयूमुळे, म्हणजे कंपनी पगाराचा भाग म्हणून देते त्या शेअरांमुळे. धरा, शेअर २८,००० डॉलरला विकले. ते मिळाले तेव्हाची किंमत होती २७,४००, आणि ती रक्कम डब्ल्यू-२ मध्ये, म्हणजे कंपनीच्या वार्षिक पगारपत्रकात, पगार म्हणून आधीच आलेली आहे. म्हणजे खरा नफा ६०० डॉलर. पण ब्रोकरच्या १०९९-बी वर, म्हणजे शेअर विक्रीच्या विवरणावर, खरेदी किंमतीचा रकाना अनेकदा शून्य किंवा रिकामा असतो. रिटर्नला विक्रीच्या नफ्यातोट्याचा फॉर्म ८९४९ जोडायचा राहिला, तर आयआरएसचा संगणक पूर्ण २८,००० नफा धरतो. २४ टक्क्यांच्या ब्रॅकेटमध्ये कर ६,७२०, वर २० टक्के दंड १,३४४, शिवाय व्याज. खरं देणं? १४४ डॉलर आणि त्यावरचं व्याज. आता सांगा, "भरून मोकळा हो" म्हणायचं का?

जर्सीसिटीकर:
तुमचं गणित बरोबर आहे, पण माणसाची परिस्थितीही बघा. एच-१बी वरच्या, ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या माणसाला सरकारदरबारी आपल्या नावावर काहीही लटकलेलं नको असतं. पुढे नागरिकत्वाच्या एन-४०० फॉर्ममध्ये थकीत कराबद्दल सरळ प्रश्न आहे. आणि पैसे भरले म्हणजे हक्क गेला असंही नाही. १०४०-एक्स, म्हणजे दुरुस्त रिटर्न, भरून परतावा मागता येतो, पैसे भरल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. आधी भरा, व्याज थांबवा, मग शांतपणे भांडा. यात चूक काय?

ऑस्टिनकर:
दादा, थकीत कर आणि सुचवलेला कर यात फरक आहे. सीपी २००० च्या टप्प्यावर कराची आकारणीच झालेली नसते, मग थकबाकी कुठली? तुम्ही "मान्य" वर सही केलीत की मग आकारणी होते. आणि आठ हजार डॉलर भरून ते परत मिळवायला महिनोन्‌महिने वाट बघणं प्रत्येकाला परवडत नाही. घराचा हप्ता आणि डेकेअर सांभाळणाऱ्याला तर नाहीच.

पुण्यात_परतलेली:
तुम्ही दोघंही नोटीस हातात पडली असं धरून बोलताय. आम्ही परत आलो तेव्हा पत्ता बदलल्याचा फॉर्म ८८२२ भरायचा असतो हे कुणीच सांगितलं नाही. पत्रं जुन्या अपार्टमेंटच्या पेटीत. कायद्याच्या दृष्टीने आयआरएसकडे असलेल्या शेवटच्या पत्त्यावर पाठवलं की पुरे! दंड मात्र गुपचूप वाढत राहतो. कोविडनंतर २०२२ मध्ये आयआरएसने स्मरणपत्रं पाठवणं थांबवलं, तरी थकबाकीवरचा दंड चालूच होता. अखेर डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनीच २०२० आणि २०२१ च्या करावरचा असा सुमारे १०० कोटी डॉलरचा दंड माफ केला, जवळपास ४७ लाख करदात्यांचा. खात्यालाच हे अन्यायाचं वाटलं, तर आपण का गप्प बसायचं?

जर्सीसिटीकर:
ताई, ती अपवादाची वेळ होती. एरवी नियम सगळ्यांना सारखेच हवेत. आपल्यातले कितीतरी जण भारतातल्या एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) ठेवीचं व्याज भारतात करमुक्त आहे म्हणून इथे दाखवतच नाहीत, आणि विचारलं की "सीपीएने (हिशेब तपासनिसाने) सांगितलं नाही" म्हणतात. तिथे दंड लागलाच पाहिजे.

हिशेबनीस (एनरोल्ड एजंट, म्हणजे आयआरएसचा परवाना असलेला कर सल्लागार, रोजचं कामच हे):
एनआरईबद्दल जर्सीसिटीकरांशी सहमत. इथे तुम्ही रेसिडेंट असाल तर जगभरचं उत्पन्न दाखवावंच लागतं. सीपीएवर ढकलण्याबद्दलही कोर्ट कडक आहे. १९८५ च्या बॉइल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वकिलावर विसंबलो म्हणून रिटर्न उशिरा गेलं, ही सबब चालत नाही.

पण "आधी भरा" हा सरसकट सल्ला मला मान्य नाही. लोक नको तिथे घाबरतात आणि घाबरायचं तिथे झोपतात. पैसे नाहीत म्हणून रिटर्नच न भरणं ही सगळ्यात महाग चूक. उशिरा रिटर्नला महिन्याला ५ टक्के दंड, उशिरा पैशाला अर्धा टक्का. रिटर्न वेळेत भरा, हप्ते बांधून घ्या, मग तो अर्ध्याचा पाव टक्का होतो. मागची तीन वर्षं स्वच्छ असतील तर या दोन्ही दंडांची पहिल्या वेळची माफी मागता येते. मागणारे मात्र फार थोडे! सीपी २००० मधल्या २० टक्क्यांना मात्र ही माफी लागू नाही, तिथे सबळ कारणच दाखवावं लागतं.

पुण्यात_परतलेली:
आणि सीपी २००० च्या ३० दिवसांत उत्तर गेलंच नाही तर?

हिशेबनीस:
पुढे नोटीस ऑफ डेफिशियन्सी, म्हणजे कर कमी पडल्याची औपचारिक नोटीस, येते, रजिस्टर पोस्टासारख्या सर्टिफाइड मेलने. तिथून टॅक्स कोर्टात जायला ९० दिवस, आणि पत्रावर भारतातला पत्ता असेल तर १५०. कर आधी न भरता दाद मागायची ही शेवटची जागा, आणि ही तारीख फोन करून वाढवून मिळत नाही. सीपी २००० ला मुदतवाढ मागता येते, म्हणून नोटिशीवरच्या नंबरवर आधीच फोन करा.

ऑस्टिनकर, ग्रुपवरच्या त्या मित्राला सांगा: प्रतिसादाच्या पानावर "असहमत" वर खूण करायची, सही केलेलं छोटं पत्र, भरलेला ८९४९, आणि ब्रोकरच्या साइटवरचं पूरक विवरण जोडायचं. आरएसयूची खरी किंमत त्यातच असते. १०४०-एक्स वेगळा पाठवायची गरज नाही.

जर्सीसिटीकर:
पूरक विवरणाचं माहीत नव्हतं. तरीही एन-४०० तोंडावर असलेल्याला मी आधी भरायलाच सांगेन.

हिशेबनीस:
त्याला मी आधी आयआरएसच्या ऑनलाइन खात्यातून त्याचं अकाउंट ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे कर खात्याचा उतारा, काढायला सांगेन. बाकी शून्य दिसत असेल तर भरायचं कशासाठी?