डिरेक्टरीत लिंक टाकून साईट गूगलवर वर येते का?

रावेरकर: केळी वेफर्सचं दुकान आहे, साईट नवीन, एक जण म्हणतोय ५०० डिरेक्टऱ्यांत (साईटींच्या याद्या देणाऱ्या वेबसाईट) लिंक टाकून देतो मग पहिल्या पानावर येशील, पैसे द्यावे का?

भुसावळवाला: नको भाऊ. २०१२ ला गूगलने पेंग्विन (खोट्या लिंकांनी वर आलेल्या साईट खाली ढकलणारा बदल) आणलं तेव्हाच असल्या लिंकांचा बाजार उठला, याहूची डिरेक्टरी २०१४ ला गेली, डीमॉझ ही दुसरी मोठी डिरेक्टरी २०१७ ला. तो माणूस अजून तिथंच अडकलाय.

धुळेकर: सगळ्याच वाईट नाहीत हां, जस्टडायलवर गिऱ्हाईक खरंच शोधतं. फक्त नाव-पत्ता-फोन सगळीकडे सारखा ठेव, एकीकडे स्टेशन रोड अन् दुसरीकडे बसस्टँडजवळ असं नको. आधी गूगल मॅपचं प्रोफाइल भर, कढईतल्या वेफर्सचे फोटो टाक.

रावेरकर: मॅपवर पिन शेजारच्या खताच्या दुकानावर दाखवतंय 😄 आधी ती हलवतो.