घरचे सगळे: आत्याचं लंडन

सुधाआत्या: आमचं ठरलं बरं का! बुधवारी लंडन, सोमवारी सकाळी लीड्स. हे म्हणतायत सगळीकडे टॅक्सीच करू. मी ट्यूबचा, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेचा, नकाशा उघडला तर नुसता सुतळीचा गुंता. ऋचा, तू होतीस ना तिथे दोन वर्षं?

ऋचा: टॅक्सी नको गं, ट्रॅफिकमध्ये मीटर पळतो आणि तुम्ही जागेवरच. नकाशाला घाबरू नकोस. तो खऱ्या अंतरांचा नाहीच. हॅरी बेक नावाचा ड्राफ्ट्समन होता, त्याने विजेच्या सर्किटसारख्या सरळ रेघा मारल्या, 1933 मध्ये छापला. गाडी कुठे बदलायची ते कळतं, किती लांब ते नाही. म्हणून नवीन माणसं लेस्टर स्क्वेअरहून कॉव्हेंट गार्डनला ट्यूबने जातात. मध्ये जेमतेम पाव किलोमीटर! पाच मिनिटं चालत.

सुधाआत्या: पाच तुझी. माझ्या गुडघ्यांची दहा.

ऋचा: तरी चालच. कॉव्हेंट गार्डनला लिफ्टची गर्दी बघून कोणी जिना धरला तर 193 पायऱ्या आहेत.

मंगलकाकू: 🌸 शुभ सकाळ 🌸

मंगलकाकू: अगोबाई, 193?

मकरंद: आत्या, तिकिटाच्या रांगेत उभीच राहू नकोस. बँकेचं टॅप करायचं कार्ड चालतं, फक्त निघण्याआधी परदेशातले व्यवहार चालू करून घे. ट्यूबला आत जाताना टेकवायचं आणि बाहेर पडतानाही. बसला फक्त चढताना. दिवसाच्या भाड्याची मर्यादा गाठली की त्यापुढे पैसे कापत नाहीत. आपोआप होतं ते. पण माणशी एक कार्ड.

अण्णा: आमचं जॉइंट अकाउंट आहे.

मकरंद: अकाउंट एक असू द्या अण्णा, कार्डं दोन लागतील. एकाच कार्डावर दोघं आत नाही जाऊ शकत. आणि जे सकाळी वापरलं तेच रात्रीपर्यंत. मी शहाणपणा केला होता. आत जाताना फोन टेकवला, बाहेर पडताना बॅटरी संपली म्हणून कार्ड. यंत्राच्या लेखी दोन माणसं झाली, एक आत जाऊन हरवला आणि दुसरा जमिनीतून उगवला. दोघांना कमाल भाडं!

मंगलकाकू: पण फोनमध्ये तेच कार्ड होतं ना रे?

मकरंद: तेच. तरी वेगळं धरतात.

ऋचा: आठवड्याचीही मर्यादा असते, पण ती सोमवार ते रविवार मोजतात. तुम्ही बुधवारी उतरणार, म्हणजे रोजचीच धरा.

सुधाआत्या: विमानतळावरून काय करायचं ते सांगा आधी. दोन मोठ्या बॅगा आहेत.

ऋचा: हीथ्रो एक्स्प्रेस पॅडिंग्टनला 15 मिनिटांत नेते, पण महाग. ट्यूबची पिकॅडिली लाइन स्वस्त, पण तासभर लागतो आणि बॅगा मांडीवर. तुम्ही एलिझाबेथ लाइन घ्या. 2022 मध्येच सुरू झालीय, डबे मोठे, आणि तिच्या प्रत्येक स्टेशनात पायरी न चढता प्लॅटफॉर्मवर जाता येतं. गुडघ्यांचा प्रश्न मिटला.

मकरंद: शहरात फिरायला मात्र बस. पहिल्या टॅपपासून तासाभरात कितीही बस बदला, भाडं एकदाच. रोख पैसे देऊ नका, 2014 पासून घेतच नाहीत. 15 नंबर पकड. ट्रॅफलगर स्क्वेअरहून सेंट पॉल्सवरून थेट टॉवर ऑफ लंडन. टूरवाल्या बसचे पैसे वाचले. वरच्या मजल्यावर अगदी पुढची सीट मिळाली तर बघायलाच नको.

सुधाआत्या: वरचा मजला म्हणजे परत जिनाच की रे.

मकरंद: मग अण्णांना वर पाठव, तू खाली खिडकीशी बस.

अण्णा: मंजूर.

ऋचा: अण्णा, एक राहिलं. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू घाईवाल्यांना. तुम्ही मध्ये थांबून आत्याला हाका मारता, ते तिथे नको.

अण्णा: माझं कार्ड सापडलं. मुदत मार्चमध्येच संपलीय.

सुधाआत्या: बघा! आणि म्हणे टॅक्सी करू.