मदत हवी आहे: ठरलेल्या वेळेआधी एस रँकवर वार करणाऱ्या खेळाडूचे नाव यादीत टाकावे का?

नमस्कार मंडळी,

आम्ही सहा जण गेली तीन वर्षे फायनल फँटसी १४ एकत्र खेळतो. चौघे पुण्याचे, एक मित्र नाशिकचा आणि एक मैत्रीण डब्लिनला असते, त्यामुळे सर्वांची पात्रे युरोपातील डेटा सेंटरवर, म्हणजे सर्व्हरांच्या समूहावर, आहेत. मागच्या रविवारी रात्री घडलेल्या एका प्रकारावरून आमच्यात तीव्र मतभेद झाले. निर्णय माझ्यावर सोपवण्यात आला आहे, म्हणून हंटमध्ये नियमित भाग घेणाऱ्यांचे मत मागत आहे.

हा खेळ न खेळणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी देतो. जुलै २०१४ मध्ये खेळात आलेल्या या हंटमध्ये बी, ए आणि एस अशा तीन प्रतींचे राक्षस उघड्या नकाशावर फिरतात आणि तिथे हजर असलेला कोणीही त्यांच्यावर वार करू शकतो. एस रँक सर्वांत दुर्मीळ. एकदा मारला की काही दिवस तो पुन्हा येत नाही, आणि त्यानंतरही प्रत्येकाची प्रकट होण्याची अट वेगळी असते. कुठे विशिष्ट मासा गळाला लागावा लागतो, कुठे पावसाची वाट पाहावी लागते. सदर्न थानालानमधल्या नुन्युनुवीची अट अशी, की त्या प्रदेशातला एकही फेट तासभर फेल होता कामा नये. फेट म्हणजे नकाशावर आपोआप सुरू होणारी छोटी मोहीम, आणि ती मुदतीत कोणी पूर्ण केली नाही की फेल. म्हणजे वाळवंटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तासभर अक्षरशः पहारा द्यावा लागतो.

रविवारी तो पहारा मुख्यतः नाशिकच्या मित्राने दिला. शेजारी वही उघडी ठेवून तो प्रत्येक फेटची उरलेली मिनिटे लिहीत होता आणि ‘खालचा मी घेतो, तुम्ही वरचा सांभाळा’ असे सांगत आम्हाला पळवत होता. पहिला प्रयत्न पन्नासाव्या मिनिटाला एका फेटने घालवला, तेव्हा त्याने वहीचे पान उलटले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. रात्री साडेअकराच्या सुमारास नुन्युनुवी प्रकट झाला. मी नकाशावर खूण लावली, शाऊटमध्ये, म्हणजे त्या प्रदेशातल्या सर्वांना दिसणाऱ्या चॅटमध्ये, जागा कळवली आणि दहा मिनिटांनंतरची पुलची, म्हणजे पहिल्या वाराची, वेळ जाहीर केली. दुसऱ्या वर्ल्डवरून, म्हणजे खेळाच्या दुसऱ्या सर्व्हरवरून, येणाऱ्यांना तेवढा अवधी लागतो.

सहाव्या मिनिटाला साठेक खेळाडू आपापल्या वाहनांवर बसून शांतपणे थांबलेले असताना एक जण खाली उतरला आणि त्याने वार केला. नुन्युनुवी मूळचा पन्नासाव्या लेव्हलचा आहे, आणि २०२४ पासून खेळाडूंची लेव्हल शंभरापर्यंत जाते. पहिला वार पडल्यावर उरलेल्यांनाही हात चालवणे भागच होते, त्यामुळे अर्ध्या मिनिटात सर्व आटोपले. नेमके त्याच वेळी नाशिकला इंटरनेट गेले होते. मित्र परत आला तेव्हा वाळूत काहीच उरले नव्हते.

त्या खेळाडूने लगेच चॅटमध्ये मोडक्या इंग्रजीत माफी मागितली. त्याचा खेळ फ्रेंच भाषेत चालू होता आणि सर्व जण का थांबले आहेत हे त्याला कळले नव्हते, असे त्याचे म्हणणे.

माझी अडचण अशी आहे. आम्ही ज्या हंट गटात आहोत तिथे आगाऊ वार करणाऱ्यांच्या नावांची यादी ठेवतात. आमच्यापैकी तिघांचा आग्रह आहे, की हे नावही तिथे द्यावे. मला ते पटत नाही, पण मित्राचा तो चेहरा (आम्ही व्हिडिओ कॉलवर होतो) आठवला की नकार देणेही जड जाते. पंगतीत सर्वांची पाने वाढून होईपर्यंत कोणी घास उचलत नाही हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते, परंतु ज्याने पंगत कधी पाहिलीच नाही त्याला दोष किती द्यावा? आणि मुळात राक्षस प्रकट करणाऱ्याला वेळ ठरवण्याचा हक्क असतो का? खेळाच्या नियमांत तो कुठे लिहिलेला मला तरी आढळला नाही.

प्रतिसाद १

मी दहा वर्षे हंट करते आहे, ट्रेनही, म्हणजे एकामागोमाग एक राक्षस मारत जाणाऱ्या गटाच्या फेऱ्याही, चालवल्या आहेत. तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते. हक्क नाही, संकेत आहे, आणि तो टिकला याचे कारण तो सर्वांच्या सोयीचा आहे. बक्षीस किती मिळणार हे तुम्ही लढाईत किती वाटा उचललात यावर ठरते. उशिरा पोचलेला एकटा खेळाडू अर्ध्या मिनिटाच्या लढाईत काय वाटा उचलणार? सुरुवातीला आपापल्या वर्ल्डवरचेच लोक येत, त्यामुळे वाट पाहणे थोडक्यात भागे. एप्रिल २०१९ मध्ये वर्ल्डांमधला प्रवास आणि जुलै २०२२ मध्ये डेटा सेंटरांमधला प्रवास सुरू झाला, तेव्हापासून थांबणे खऱ्या अर्थाने महत्त्वाचे झाले.

नव्या प्रदेशांतल्या एस रँकवर कोणी एकट्याने आगाऊ वार केला, तर बाकीच्यांनी हात आवरावा. तो मरतो आणि राक्षसाची शक्ती पूर्ववत होते. जुन्या राक्षसांच्या बाबतीत हा उपाय चालत नाही, कारण एकटा खेळाडूही तो संपवू शकतो. म्हणून तिथे आधीची काळजी अधिक घ्यावी लागते.

यादीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. वारंवार आणि जाणूनबुजून करणाऱ्यांसाठी ती आहे. माफी मागणाऱ्याचे नाव पहिल्याच चुकीला त्यात घालू नका. मात्र एक विचारते, आपण शाऊट कोणत्या भाषेत केला होता आणि किती वेळा?

धागाकर्ता

इंग्रजीत, आणि एकदाच. वर तो मजकूर नंतरच्या गप्पांमध्ये वाहून गेला असणार, हे आता लक्षात येते आहे.

प्रतिसाद १

मग पुढच्या वेळी दर दोन मिनिटांनी तोच मजकूर पुन्हा टाका. शक्य तिथे ऑटो-ट्रान्सलेटमधले शब्द वापरा, कारण ते समोरच्याला त्याच्या भाषेत, म्हणजे जपानी, इंग्रजी, जर्मन किंवा फ्रेंचमध्ये, आपोआप दिसतात. वेळ अंकांत आणि खेळातल्या घड्याळाप्रमाणे द्या. ते घड्याळ सर्वांना सारखेच दिसते, तुमचा साडेअकराचा सुमार फ्रान्समधल्या माणसाच्या उपयोगाचा नाही. खेळातला एक तास म्हणजे आपली २ मिनिटे ५५ सेकंद, त्यामुळे खेळातले साडेतीन तास धरले की आपली दहा मिनिटे होतात. आणि ज्याने पहारा दिला आहे तो जागेवर आहे ना, हे विचारल्याशिवाय वेळ जाहीर करू नका. तुमच्या मित्राचे इंटरनेट गेले हे कळल्यावर पाच मिनिटे वाढवून मागितली असती, तर बहुतेकांनी दिली असती.

धागाकर्ता

मनापासून आभार. वाढीव वेळ मागायला हवी होती आणि ते माझेच काम होते, हे मी मित्राला आज फोन करून सांगितले. नाव यादीत देणार नाही. त्या फ्रेंच खेळाडूला निरोप पाठवला आहे, की पुढच्या पहाऱ्याला आमच्या पार्टीत दोन जागा रिकाम्या आहेत आणि नुन्युनुवीसाठी माणसे लागतातच. मित्राची एकच अट आहे, वही त्याच्याकडेच राहील.