स्काऊट ट्रूप घेतलाय पण पोरं ऐकेनात, अनुभवी लोकांनी सांगा

होटगीरोडवाला

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल पण वाचा. मी सोलापूरचाच, एका गारमेंट कारखान्यात हिशोब बघतो, तेच आपले शाळेचे युनिफॉर्म. शाळेत असताना तृतीय सोपानपर्यंत, म्हणजे तिसऱ्या पायरीच्या परीक्षेपर्यंत, स्काऊट केलं होतं. तेवढ्यावर माझ्या जुन्या शाळेतल्या बाईंनी गळ घातली की आमचे स्काऊटचे सर रिटायर झाले, रविवारचा ट्रूप तू घे. नाही म्हणता आलं नाही. बेसिक कोर्सपण करून आलो.

जूनमध्ये २७ पोरं होती, दहा ते चौदा वयाची. आता रविवारी जेमतेम चौदा उगवतात. मी सातला ग्राउंडवर जातो, झेंडा बांधतो, फक्की मारतो, गाठी दाखवतो, शिट्टी फुंकून फुंकून गाल दुखतात आणि मागची पोरं एकमेकांचे स्कार्फ ओढत बसलेली असतात. गेल्या रविवारी तर डोकं सटकलं, अर्ध्या तासात सगळ्यांना घरी पाठवलं, आणि मग दिवसभर मलाच कसंतरी वाटत राहिलं. बायको म्हणते पगार नाही काही नाही, रविवार पण घालवता आणि वर बीपी वाढवून घेता.

डिसेंबरात दोन रात्रींचा कॅम्प कबूल करून बसलोय. पोरांना आवरायचं कसं, कॅम्पला नक्की काय काय बघायचं आणि पालकांना कसं सांभाळायचं, जे सुचेल ते सांगा. फक्त "प्रेमाने सांगा" असलं नको, ते करून झालंय.

सुती_दोरी

सर, आधी एक सांगा. तुमच्या ट्रूपमध्ये संघ पाडलेत का, का सगळी पोरं एकाच रांगेत?

होटगीरोडवाला

पाडलेत की, चार. उंचीप्रमाणे. पहिल्या संघात सगळी पिल्लं आणि चौथ्यात सगळी दांडगी.

सुती_दोरी

तिथंच गाडं अडलंय बघा. मला ट्रूप चालवून वीसेक वर्षं झाली आणि पहिली दोन वर्षं मी पण हेच केलं, म्हणून हक्काने बोलतो. उंचीप्रमाणे पाडली ती कवायतीची रांग झाली. संघ सहा ते आठ जणांचा पाहिजे, त्यात दोन मोठी, दोन मधली, बाकी बारकी, आणि जी पोरं शाळेत एकत्र डबा खातात ती शक्यतो तोडायची नाहीत. स्काऊटिंग सुरू करणाऱ्या बेडन पॉवेलनी १९०७ ला इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिला कॅम्प घेतला तेव्हासुद्धा २० पोरांचे ४ संघ केले होते, आणि बड्या शाळेतली पोरं नि कामगारांची पोरं मुद्दाम एकत्र घातली होती.

दुसरं म्हणजे संघनायक तुम्ही नेमू नका, पोरांना निवडू द्या. ते तुमच्या नावडत्यालाच निवडतील, निवडू द्या. मग शनिवारी संध्याकाळी अर्धा तास फक्त त्या चार नायकांना आणि चार उपनायकांना बोलवायचं, ग्राउंडवर नाहीतर शाळेच्या कट्ट्यावर, आणि रविवारी जी गाठ शिकवायची ती त्या आठजणांच्या हातात बसवायची. रविवारी तुम्ही एक शब्द शिकवायचा नाही, नायकच आपापल्या संघाला शिकवतील, चुकीचं शिकवतील तेव्हा सुद्धा लगेच मध्ये पडायचं नाही, गाठ सुटली की त्यांना आपोआप कळतं. झेंडा, फक्की, दोऱ्या, हजेरी हे पण दर आठवड्याला एकेका संघाकडे. तुमच्याकडे काय राहिलं तर सुरक्षितता आणि वेळ. बास. हे ऐकायला सोपं वाटतंय पण हात मागे बांधून उभं राहणं लई अवघड असतं.

माझ्या तिसऱ्या का चौथ्या कॅम्पची गोष्ट. एका संघाने पिठलं असं घट्ट केलं की पळी उचलली तर खालचं पातेलं पण वर आलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन निघालोच होतो, तेवढ्यात माझ्या सिनियरनी दंडाला धरून मागे ओढलं. त्या रात्री ती आठ पोरं कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर जेवली. कोणी मेलं नाही. सकाळी उठून बघतो तर त्यांचा नायक बाजूच्या संघाच्या चुलीपाशी उकिडवा बसून पाणी किती, पीठ किती, आधी काय घातलं असं विचारत होता, मी न सांगता. दुसऱ्या दिवशीचं पिठलं पण काही भारी नव्हतं, पण पातेल्यातून निघत होतं.

आणि शिट्टी कमी करा हो. एक लांब म्हणजे गप्प बसा, लक्ष द्या. बारक्या बारक्या भराभर म्हणजे पळत गोळा व्हा. तीन बारक्या एक लांब म्हणजे फक्त नायकांनी यायचं. एवढ्या तीन पुरतात. सारखी वाजवली की पोरांना ती रिक्षाच्या हॉर्नसारखी होते, ऐकूच येत नाही.

बे_मालक

ओ सर, रविवारी सकाळी तासभर गाठीच बांधायला लावल्यावर पोरं क्रिकेटला पळणारच की बे. कुठलीही गोष्ट पंधरा मिनिटांच्या वर नाही. आल्या आल्या खेळ, मध्ये शिकणं, जाताना परत खेळ, आणि खेळ रंगात आला की नेमका तिथंच बंद. पुढच्या रविवारी बरोबर येतात का नाही बघा. किम्स गेम घ्या, ताटात २४ वस्तू मांडायच्या, एक मिनिट दाखवायच्या, झाकायचं आणि लिहायला लावायचं. ताटात बिडीचं थोटूक, मागाचा धोटा, इमलीचं बी असलं काहीतरी टाका, पेन-रबर नको.

गाईडवाली_ताई

मी गाईड कॅप्टन आहे, मुलींचं बघते. वरच्या दादांचं सगळं पटलं, पण कॅम्पचा विषय निघालाय तर मला जरा स्पष्ट बोलायचंय.

एकटा मोठा माणूस आणि एकटं मूल, हे कधीच नको. तंबूत नको, गाडीवर नको, वर्गात सुद्धा नको. कायम दोन मोठी माणसं, आणि मोठ्यांचा तंबू वेगळा. मुलाला पर्सनल मेसेज करायचा नाही, जे काय ते पालकांच्या ग्रुपवर. शिक्षा म्हणून उन्हात उभं करणं, उठाबशा, बाकीच्यांसमोर पाणउतारा, सगळं बंद. यात तुमच्यावर कोणी संशय घेतंय असं मनाला लावून घेऊ नका भाऊ, यात पोरं पण सुरक्षित आणि तुम्ही पण. स्काऊटिंगचं सेफ फ्रॉम हार्म म्हणून ट्रेनिंग असतं ते करून टाका. एखादं मूल काही सांगायला आलं तर ऐकून घ्या, "कोणाला सांगणार नाही" असं वचन मात्र देऊ नका, कारण लैंगिक अत्याचाराचं काही असेल तर पोक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवावंच लागतं. चाइल्डलाइनचा १०९८ नंबर मुलांना पाठ पाहिजे.

आता खाणंपिणं. एका मेळाव्यात, कुठला ते सोडा, फेब्रुवारीचं ऊन, साडेदहा वाजले तरी भाषणं संपेनात आणि आमची सहावीतली एक मुलगी उभ्या उभ्या धाडकन खाली. सावलीत नेलं, पाय वर केले, शुद्धीवर आली, मग विचारलं सकाळी काय खाल्लंस, तर म्हणे फक्त चहा. तेव्हापासून मी हजेरी घेताना नावासोबत "काय खाल्लं" पण विचारते आणि पिशवीत गूळ-शेंगदाण्याची पुडी असतेच. अर्ध्या मुली "पोहे" म्हणतात, चेहऱ्यावर कळतं कोण खोटं बोलतंय ते. मार्चपासून सातला सुरू करून साडेआठला सोडते, सोलापूरचं ऊन कोणाचं भाचं नाही. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण १ लिटर पाण्यात घालायची असते, ग्लासात चिमूट चिमूट टाकून नाही. आणि उन्हात मूल बरळायला लागलं, अंग तापलं तर आधी सावली, ओले कपडे, वारा घाला आणि १०८ ला फोन, शुद्ध नसेल तर तोंडात पाणी अजिबात ओतू नका.

कॅम्पच्या जागेला "पाण्याची सोय आहे" असं फोनवर कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. आपल्याकडे नळाला रोज पाणी नसतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आम्ही चाळीस मुली घेऊन एका ठिकाणी पोचलो, टाकीवर चढून झाकण काढलं तर आत कबुतराची पिसं. टँकर येईपर्यंत दुपारचे तीन वाजले आणि तोवर बाथरूमची जी अवस्था झाली ती इथं लिहीत नाही.

रात्री टॉर्चशिवाय तंबूबाहेर पाय नाही, सकाळी बूट झटकूनच घालायचे, विंचू बसलेला असतो. साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरीने करकचून बांधायचं नाही, हात-पाय हलू न देता थेट सिव्हिल. सगळ्यात जवळचा दवाखाना किती मिनिटांवर आहे ते आधी गाडीने जाऊन बघा, रात्रीचं पण.

माळावरचा

कॅम्पला नान्नजकडे जावा की, माळढोक पण बघता येईल.

सुती_दोरी

ते अभयारण्य आहे हो, वनखात्याला विचारल्याशिवाय नाही, आणि शेकोटी तर तिथं नकोच. माळढोक दिसायला पण नशीब लागतं आता. एका सकाळी हरणं-पाखरं बघायला न्या, राहायला दुसरीकडे. हाईकच करायची तर हिप्परगा तलावापर्यंत न्या, फक्त तुळजापूर हायवेवर ट्रक सुसाट असतात, समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने एका रांगेत चालवा आणि पुढे एक मागे एक मोठा माणूस ठेवा.

पूर्वभागातली_आई

मी पालक म्हणून लिहिते. माझा मुलगा दुसऱ्या एका ट्रूपमध्ये आहे. आमच्याकडे घरी तेलुगू बोलतात, सुरुवातीला सरांचं भराभर मराठी त्याला झेपायचं नाही आणि तो मागे गप्प उभा राहायचा, सरांना वाटलं माजोरडा आहे. जी पोरं येणं बंद झालीत त्यांच्या घरी एकदा जाऊन या, फोन नको. कोणाचा युनिफॉर्म नसतो, कोणाला बारकं भाऊ-बहीण सांभाळायचं असतं, रविवारी आईबाप दोघं कामावर असतात. आमच्या ट्रूपमध्ये वरच्या पोरांचे लहान झालेले शर्ट, बेल्ट धुवून एका पेटीत ठेवतात आणि कोणाला न सांगता देतात. तुम्ही तर युनिफॉर्मच्या कारखान्यातच आहात.

आणि पैशाचं म्हणाल तर खरी कमाई घ्या. पोरांनी स्वतः भेळ, ताक, गुडदाणी विकायची, हिशोब वहीत लिहायचा, फायदा कॅम्पच्या खात्यात. पालकांना बोलवा गिऱ्हाईक म्हणून. अर्ध्या पालकांना स्काऊट म्हणजे दहावीचे वाढीव गुण एवढंच माहीत असतं, पोरगं ताक विकताना सुट्टे पैसे मोजून देतंय हे बघितलं की त्यांचा सूर बदलतो, माझा बदलला.

होटगीरोडवाला

तीन रविवार झाले म्हणून परत लिहितोय. सगळ्यांचे आभार.

संघ नव्याने पाडले. एका संघाने ज्याला नायक केलं तो नेमका स्कार्फ ओढणाऱ्यांचा म्होरक्या. सुती_दोरी सर, तुमची आठवण आली आणि गप्प बसलो. तो आता दुसऱ्यांवर ओरडतो, हा नवा प्रॉब्लेम. एक संघ झेंड्यावरून भांडला आणि त्यातली दोन पोरं गेल्या रविवारी आली नाहीत, त्यांच्याकडे उद्या जातोय. आकडा १९ वर आलाय.

एक गोष्ट सांगायचीच होती. शनिवारी नायकांना शीट बेंड दाखवत होतो, दोन जाड-बारीक दोऱ्या जोडायची गाठ. तीन पोरं अडकली. चौथा, आठवीतला, शब्द न बोलणारा, त्याने माझ्या हातातून दोरी घेतली आणि डोळे दुसरीकडे ठेवून बोटाच्या एका झटक्यात मारली. म्हटलं कुठं शिकलास. म्हणाला सर ही तर मागावर धागा तुटल्यावर मारतात ती, पप्पा दिवसभर मारतात. घरी येऊन बघितलं, खरंच तीच गाठ. रविवारी त्यानेच सगळ्या ट्रूपला शिकवली, अर्धी मराठीत अर्धी तेलुगूत. त्याच्या वडिलांना विचारलंय एक रविवार याल का म्हणून, ते म्हणाले सुट्टी असेल तर बघू.

पेटी सुरू केली, मालकांकडून बारका डाग असलेले नऊ शर्ट मिळाले. दुसरा मोठा माणूस म्हणून माझा मेव्हणा तयार झालाय, त्याला आधी कोर्सला पाठवतो. कॅम्पसाठी एका ओळखीच्यांचं शेत बघितलंय, मालक फोनवर म्हणाले पाण्याची सोय आहे. ताई, शनिवारी जातोय, टाकीवर चढूनच बघतो.

गाईडवाली_ताई

झाकण उघडा फक्त. आणि तळाला किती गाळ आहे ते काठी घालून बघा.