अनुभव धागा: तुमचे पूर्वज तिथीखेरीज कधी भेटतात?

पितृपक्षात नाशिकच्या रामकुंडावर पाय ठेवायला जागा नसते. मला विचारायचंय ते उरलेल्या वर्षाचं. पितृदोषाची भीती कृपया नको, ती ऐकून कान किटलेत. सुरुवात मीच करते.

आमच्या देव्हाऱ्यात वीराचा टाक आहे, पत्र्यावर उठवलेली छोटी प्रतिमा. घरातलाच कुणी पुरुष, लग्नाआधी गेलेला, एवढंच ठाऊक. धुळवडीला त्याला लाल कापडात घेऊन वाजतगाजत गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, न्यायचं, अंघोळ घालायची, मग होळीभोवती नाचवायचं. सोबत राम-कृष्ण झालेली पोरं. नाशिकबाहेरच्यांना बाशिंगवाला दाजीबा वीर ऐकून माहीत असतो, पण घराघरांतले हे वीर माहीत नसतात. भाऊ टाक उचलताना म्हणतो, "चला बाबा, गंगेवर." नाव माहीत नसलेल्या माणसाशी इतकं सलगीनं बोलणं मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

मालेगावची, आता सिडकोत: आमची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. घागर भरायची, वर सांजोरी, आंबा. पितरांना दाखवल्याशिवाय घरात कुणी आंबा चाखत नाही. आई निखाऱ्यावर आगारी, म्हणजे पितरांचा घास, टाकताना एकेकाचं नाव घ्यायची. मी फ्लॅटमध्ये गोवरीचा तुकडा पेटवते. धुरावरून शेजारी कुरकुरतात, कुरकुरू देत.

पंचवटी: वडिलांच्या अस्थी घेऊन गेलो तेव्हा गुरुजींनी गाव-आडनाव विचारून वही काढली. पणजोबा येऊन गेल्याची नोंद निघाली, मोडीत. दशरथाचं श्राद्ध रामानं इथंच केलं असं मानतात, पण मला त्या ओळीपुढे राम सुचलाच नाही. वहीत पुरुषच पुरुष होते. मी आईचं आणि आत्याचं नाव लिहायला लावलं.

दिंडोरी: मी श्राद्ध-पक्ष मानत नाही. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीला पहिली काडी मात्र आजोबांच्या कात्रीनं कापतो. कात्री बोथट आहे, मजूर हसतात. थॉमसन वाण सोडायला म्हातारा शेवटपर्यंत तयार नव्हता. नवं वाण लावलं तेव्हा बागेत उभा राहून त्याच्याशी मोठ्यानं भांडलो. अजून भांडतो. ह्याला अध्यात्म म्हणायचं तर म्हणा.

नाशिकरोड: अनुभव नाही, प्रश्न आहे. मला भाऊ नाही. आईवडिलांचा टाक लेकीच्या देव्हाऱ्यात चालतो का?

मालेगावची, आता सिडकोत: @नाशिकरोड, माझ्याकडे आहे. सासूबाईंनीच सराफ बाजारातून करून आणला.